एमील द्यूरकेम

एमील द्यूरकेम (१५ एप्रिल १८५८ – १५ नोव्हेंबर १९१७) हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होते. मराठीत त्यांचे नाव डरखाइम, दुरखीम असेही लिहिले जाते. कार्ल मार्क्स व माक्स वेबर यांच्यासह त्यांची गणना समाजशास्त्राच्या संस्थापकांत होते. समाज म्हणजे केवळ व्यक्तींची बेरीज नसून त्याला स्वतःचे अस्तित्व असते आणि त्याचा अभ्यास शास्त्रीय पद्धतीने करता येतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होय. धर्माची पकड सैल झाल्यावर माणसांना एकत्र बांधून ठेवणारे काय उरते, या प्रश्नाचा शोध त्यांनी आयुष्यभर घेतला.

पूर्वायुष्य व शिक्षण

द्यूरकेम यांचा जन्म फ्रान्सच्या लोरेन प्रांतातील एपिनाल येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील, आजोबा व पणजोबा हे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू होते. एमील यांनीही हीच परंपरा चालवावी, अशी अपेक्षा होती. परंतु तरुणपणीच त्यांनी धर्मश्रद्धेपासून फारकत घेतली. १८७० मध्ये सुरू झालेल्या फ्रान्स-प्रशिया युद्धात एपिनाल शत्रूसैन्याच्या ताब्यात गेले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. या युद्धातील पराभवाच्या काळात फ्रान्समधील साम्राज्य कोसळून तिसरे प्रजासत्ताक आले. चर्चच्या आधाराविना या प्रजासत्ताकाला नैतिक पाया कसा लाभेल, ही त्यांच्या पिढीपुढील मोठी चिंता होती.

पॅरिसमधील एकोल नॉर्माल स्युपेरिअर या विख्यात संस्थेत त्यांना तिसऱ्या प्रयत्नात, १८७९ मध्ये प्रवेश मिळाला. पुढे समाजवादी नेते झालेले झां झोरेस आणि तत्त्वज्ञ आंरी बेर्गसाँ हे तेथील त्यांचे समकालीन होते. इतिहासकार फ्यूस्तेल द कूलांज यांच्या अध्यापनाचा त्यांच्यावर खोल संस्कार झाला. १८८२ नंतर त्यांनी काही वर्षे माध्यमिक विद्यालयांत तत्त्वज्ञान शिकविले. १८८५–८६ मध्ये ते जर्मनीस गेले व तेथे विल्हेल्म वुंट यांच्या प्रायोगिक मानसशास्त्राच्या कार्याचा त्यांनी परिचय करून घेतला.

बोर्दो येथील कालखंड

१८८७ मध्ये बोर्दो विद्यापीठात त्यांची नेमणूक झाली. समाजशास्त्राला फ्रेंच विद्यापीठांत तेव्हा स्वतंत्र स्थान नव्हते. त्यामुळे शिक्षणशास्त्राच्या जोडीने त्यांना सामाजिक शास्त्र शिकवावे लागले. त्याच वर्षी लुईझ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हस्तलिखितांच्या प्रती करणे, मुद्रिते तपासणे यांत पत्नीचे मोठे साहाय्य त्यांना लाभले.

‘समाजातील श्रमविभाजन’ (१८९३) या प्रबंधात त्यांनी सामाजिक ऐक्याचे दोन प्रकार सांगितले. साध्या समाजात सर्वांची कामे, श्रद्धा व रीती बव्हंशी सारख्या असतात. हे साम्यावर आधारलेले यांत्रिक ऐक्य होय. आधुनिक समाजात शेतकरी, गिरणी कामगार, वैद्य, शिक्षक यांची कामे भिन्न असतात आणि त्यामुळेच ते एकमेकांवर अवलंबून असतात. शरीराच्या अवयवांप्रमाणे असलेल्या या परस्परावलंबनास त्यांनी सेंद्रिय ऐक्य म्हटले.

‘समाजशास्त्रीय पद्धतीचे नियम’ (१८९५) या ग्रंथात सामाजिक तथ्याची संकल्पना मांडलेली आहे. भाषा, कायदा, चलन, विवाहाचे नियम हे व्यक्तीच्या जन्मापूर्वीपासून असतात आणि तिच्या वर्तनावर बंधन घालतात. त्यांचा अभ्यास वस्तूप्रमाणे, म्हणजे पूर्वग्रह बाजूस ठेवून व बाहेरून निरीक्षण करून करावा, असा त्यांचा आग्रह होता.

‘आत्महत्या’ (१८९७) या ग्रंथात त्यांनी हीच पद्धत अत्यंत खाजगी वाटणाऱ्या कृतीला लावली. व्यक्तीच्या मनाची कारणे न शोधता त्यांनी समाजासमाजांतील प्रमाणांची तुलना केली. त्यांना हे प्रमाण कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांत व विवाहितांपेक्षा अविवाहितांत अधिक, तर युद्धकाळात कमी आढळले. व्यक्तीला समूहाशी जोडणारे बंध जितके दुबळे तितका धोका अधिक, असे त्यांचे अनुमान होते. मात्र हे बंध अतिघट्ट असले तरीही धोका संभवतो, हे त्यांनी नमूद केले. आर्थिक मंदीप्रमाणेच अचानक आलेल्या भरभराटीतही इच्छांना आवर घालणारे नियम ढासळतात. या अवस्थेस त्यांनी ‘अ‍ॅनोमी’, म्हणजे प्रमाणकशून्यता, असे नाव दिले. सरकारी नोंदींवर त्यांनी फार विश्वास ठेवला, अशी टीका पुढील अभ्यासकांनी केली आहे. कारण कोणता मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदवावा, हेही त्या त्या समाजातील समजुतींवर ठरते.

१८९८ मध्ये त्यांनी ‘लाने सोसिओलॉजिक’ हे वार्षिक सुरू केले. त्याभोवती त्यांचे भाचे मार्सेल मॉस, रोबेर एर्त्झ अशा तरुण अभ्यासकांचा संप्रदाय उभा राहिला. त्याच सुमारास ज्यू लष्करी अधिकारी आल्फ्रेड ड्रायफस यांच्यावरील खोट्या देशद्रोहाच्या आरोपाने फ्रान्स दुभंगला होता. द्यूरकेम यांनी ड्रायफस यांची बाजू घेतली. समाजाला व्यक्तीहून श्रेष्ठ मानणारा विचारवंत म्हणून ते ओळखले जात. तरीही व्यक्तीच्या हक्कांचा आदर हाच आधुनिक समाजाचा समान धर्म आहे, असा युक्तिवाद त्यांनी या वेळी केला.

पॅरिस व अखेरची वर्षे

१९०२ मध्ये ते सॉर्बोन येथे गेले. १९१३ मध्ये त्यांच्या अध्यासनाच्या नावात समाजशास्त्राचा समावेश झाला. ‘धार्मिक जीवनाची मूलभूत रूपे’ (१९१२) हा त्यांचा अखेरचा मोठा ग्रंथ ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या कुलप्रतीकांवर आधारलेला आहे. कुलप्रतीक म्हणजे एखाद्या कुळाने पवित्र मानलेला प्राणी वा वनस्पती. महाराष्ट्रातील देवकाची प्रथा याच्याशी मिळतीजुळती आहे. या प्रतीकाच्या रूपाने समूह स्वतःच्याच शक्तीची उपासना करतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. द्यूरकेम स्वतः कधी ऑस्ट्रेलियास गेले नव्हते व ते इतरांच्या वृत्तान्तांवर विसंबले, हा या ग्रंथावरील प्रमुख आक्षेप होय.

पहिल्या महायुद्धाने त्यांच्या संप्रदायाची वाताहत केली. १९१५ मध्ये एर्त्झ रणांगणावर पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाल्कन आघाडीवर द्यूरकेम यांचे पुत्र आंद्रे मृत्यू पावले. आंद्रे भाषाशास्त्राचे अभ्यासक होते. या आघातातून द्यूरकेम सावरले नाहीत. नीतिशास्त्रावरील नियोजित ग्रंथ अपुरा राहिला आणि वयाच्या ५९ व्या वर्षी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. माँपार्नास दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

प्रभाव

मॉस यांनी त्यांचे अप्रकाशित लेखन प्रसिद्ध केले. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन तसेच अमेरिकेतील टॅलकॉट पार्सन्स व रॉबर्ट मर्टन यांनी त्यांच्या संकल्पना पुढे नेल्या. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्याकडे व नंतर ऑक्सफर्ड येथे रॅडक्लिफ-ब्राउन यांच्याकडे शिकलेले एम. एन. श्रीनिवास यांच्या कूर्गमधील धर्म व समाज यांवरील ग्रंथात (१९५२) हा प्रभाव स्पष्ट दिसतो.