हेन्री फोर्डचा हिशेब

असेंब्ली लाइन आपण परीक्षेपुरती आकृतीसकट पाठ करतो. ती मोटारींसाठी चालवून दाखवणाऱ्या हेन्री फोर्डचं चरित्र वाचलं तेव्हा मला आकृतीपेक्षा हा माणूसच जास्त अवघड वाटला.

जन्म १८६३ चा, मिशिगनमधल्या शेतकऱ्याच्या घरातला. शेतीचा कंटाळा आणि घड्याळं खोलायची भारी हौस. पुढे डेट्रॉइटला वीज कंपनीत इंजिनिअर झाला आणि रात्री घरामागच्या शेडमध्ये गाडी जुळवत बसायचा. जून १८९६ मध्ये गाडी तयार झाली, पण शेडच्या दारातून बाहेर येईना! पठ्ठ्याने कुऱ्हाड घेऊन भिंतच फोडली. गंमत म्हणजे त्याच वर्षी स्वीडनमध्ये अऱ्हेनियसने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचं गणित छापलं होतं.

दोन प्रयत्न फसल्यावर १९०३ मध्ये फोर्डची कंपनी उभी राहिली आणि १९०८ मध्ये 'मॉडेल टी' आली. किंमत ८५० डॉलर. १९१३ मध्ये लाइन सुरू झाली आणि साडेबारा तासांचं चॅसीचं काम दीड तासावर आलं. पण एकच नट दिवसभर आवळून कामगार वैतागायचे, सोडून जायचे. म्हणून १९१४ मध्ये त्याने रोजचा पगार जवळपास दुप्पट, म्हणजे पाच डॉलर केला. हा दानधर्म नव्हता, हिशेब होता! गाडीची किंमत पुढे ३०० डॉलरच्या खाली उतरली, आणि ती बनवणाराच ती विकत घेऊ लागला. पोलाद, रबर, रस्ते, पेट्रोल पंप, सगळ्यांचीच चलती. १९०० साली अमेरिकेत जेमतेम आठ हजार मोटारी होत्या, १९२९ साली दोन कोटींच्या वर.

आता आपला हिशेब. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मॉडेल टी लिटरला फार तर नऊ किलोमीटर जायची, म्हणजे किलोमीटरला पाव किलो. अशा दीड कोटी गाड्या १९२७ पर्यंत निघाल्या. फोर्डने लाइनवरचा एकेक मिनिट मोजला, हे मात्र कोणाच्याच वहीत नव्हतं. आज अमेरिकेच्या हरितगृह वायूंमध्ये सर्वांत मोठा वाटा वाहतुकीचा आहे.

दुसरी वाट त्याच्या घरातच होती. बायको क्लारा विजेवरची मोटार चालवायची! १९१४ च्या सुमाराला फोर्ड आणि एडिसन स्वस्त विजेची गाडी काढणार होते, पण बॅटरीने दगा दिला. मला सगळ्यात चुटपुट लागते ती इथे.

त्याला थोर म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण आपल्या वर्तमानपत्रातून त्याने ज्यूंविरुद्ध विष पेरलं. उतारवयात तो जुनी घरं आणि लोहारकामाची दुकानं उचलून आणून खेडं वसवत बसला. आपल्याच मोटारींनी मागे टाकलेलं खेडं! १९४१ मध्ये गांधीजींनी सेवाग्रामहून त्याला चरखा पाठवला, तो त्याने जपून ठेवला.

७ एप्रिल १९४७ च्या रात्री तो गेला. नदीला पूर आल्यामुळे घरातली वीज बंद होती, मेणबत्त्या आणि रॉकेलचे दिवे लावलेले होते.