वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ह्यूगो द व्ह्रीस हें नांव आनुवंशिकतेच्या पाठांत भेटतें व तेथेंच संपतें. आम्ही येथें त्यांच्या चरित्राचा निराळा भाग वाचकांपुढें ठेवीत आहों.

ता. १६ फेब्रुवारी १८४८ रोजीं हॉलंडांतील हारलेम येथें त्यांचा जन्म झाला. वडील कायदेपंडित, पुढें ते त्या देशाचे मुख्य प्रधानही झाले. मुलाचें मन मात्र वनस्पतींत रमलें. लायडन येथील शिक्षणानंतर त्यांनीं जर्मनींत झाक्स या थोर वनस्पतिशास्त्रज्ञापाशीं काम केलें, व १८७८ सालीं ते ॲमस्टरडॅम येथें प्राध्यापक झाले.

कैरीच्या फोडींस मीठ चोळलें कीं पाणी सुटतें, हें आमच्या मातृवर्गास सांगावयास नकोच. बाहेरील द्राव पेशीरसाहून तीव्र असला म्हणजे पेशींतील पाणी बाहेर ओढलें जातें. निवळ पाण्यांत ठेविल्यास पाणी आंत शिरून पेशी ताठ फुगते, पण भक्कम भिंतीमुळें फुटत नाहीं. यासच परासरण म्हणतात. तीव्र द्रावांत भिंत जागच्या जागीं राहून आंतील जीवद्रव्य तिच्यापासून सुटतें व आकसतें. या क्रियेस प्लाझ्मोलिसिस हें नांव द व्ह्रीस यांनींच १८७७ सालीं दिलें.

तेवढ्यावर ते थांबले नाहींत. रंगीत रस असलेल्या पानांचे पातळ काप सोऱ्याच्या कमी-अधिक तीव्र द्रावांत ठेवून, जीवद्रव्य भिंतीपासून नेमकें केव्हां सुटूं लागतें तें ते टिपीत. इतर द्रावही असेच पारखून, कोणाचें बळ कोणाशीं समान हें त्यांनीं १८८४ सालीं मांडलें. डोळ्यांस न दिसणारी पेशी त्यांच्या हातीं जणूं तराजूच झाली!

या कामाचें फळ इतरांनीं चाखलें. परासरणाच्या मोजणीची वार्ता व्हांट हॉफ यांस त्यांच्याचकडून कळली. तिच्या आधारें शोधलेल्या नियमांसाठीं व्हांट हॉफ यांस १९०१ सालीं रसायनशास्त्राचें पहिलें नोबेल पारितोषिक मिळालें. हॅम्बर्गर यांनीं तीच रीत रक्तपेशींस लाविली. रक्तपेशीस अशी भिंत नसते. निवळ पाण्यांत ती फुगून फुटते. रोग्याच्या शिरेंत सोडावयाच्या पाण्यांत शेंकडा ०·९ मीठ घालतात तें याचसाठीं.

द व्ह्रीस पुढें संकराच्या प्रयोगांकडे वळले. मेंडेलचे विस्मृत नियम १९०० सालीं पुन्हां उजेडांत आणणाऱ्यांत ते एक होत. मात्र त्यांच्या पहिल्या फ्रेंच टिपणांत मेंडेलचें नांवच नव्हतें. जर्मन निबंधांत होतें. आपली विद्या दुसऱ्यांस मोकळेपणीं देणाऱ्याकडून असें व्हावें, याचें आम्हांस वाईट वाटतें.

१९१८ सालीं निवृत्त होऊन ते लुंटेरेन गांवीं राहिले. तेथेंही प्रयोगांची बाग त्यांनीं सोडली नाहीं. २१ मे १९३५ रोजीं तेथेंच ते निवर्तले.