विनायक पांडुरंग करमरकर

विनायक पांडुरंग करमरकर ऊर्फ नानासाहेब करमरकर (जन्म : सासवणे, २ ऑक्टोबर १८९१, मृत्यू : १३ जून १९६७) हे विसाव्या शतकातील अग्रगण्य मराठी शिल्पकार होते. पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ही त्यांची सर्वाधिक परिचित कृती होय. सासवणे या किनारपट्टीवरील खेड्यातून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत, तेथून कलकत्ता व लंडन येथे आणि शेवटी पुन्हा सासवण्यास असा त्यांचा जीवनप्रवास झाला. खेड्यातील उपजत गुणाला शहरातील कलाशिक्षणाने नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, या दृष्टीने त्यांचे चरित्र अभ्यसनीय आहे.

जन्म आणि बालपण

सासवणे हे गाव तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात समुद्रकाठी वसलेले आहे. मुंबई बंदर येथून समुद्रमार्गे फारसे दूर नाही. तथापि त्या काळी हे अंतर मैलांपेक्षा परिस्थितीने अधिक मोजले जात असे. करमरकरांचे कुटुंब सामान्य स्थितीतील होते. लहानपणापासून त्यांना चित्रे काढण्याचा व मातीच्या आकृती घडविण्याचा छंद होता. गणेशोत्सवासाठी मातीच्या मूर्ती घडविण्याची कोकणातील परंपरा त्यांच्या परिसरात जिवंत होती. माती मळणे, तिचा ओलावा राखणे आणि बोटांनी आकार काढणे या गोष्टी अशा गावातील मुलाला शाळेत जाऊन शिकाव्या लागत नसत.

मात्र या परंपरेला तिच्या मर्यादाही होत्या. गणेशमूर्तीचे काम हंगामी असते आणि तिचा आकार ठरलेला असतो. जिवंत माणसाच्या चेहऱ्याचे साम्य साधणे, शरीराच्या सांगाड्याचा व स्नायूंचा अभ्यास करणे, मातीतील आकृती प्लास्टरमध्ये आणि पुढे धातूमध्ये उतरविणे यांची सोय गावात नव्हती.

कलाशाळेत प्रवेश

करमरकरांनी गावातील राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस ते पडले. रॉथफील्ड हे कलेची आवड असणारे आय.सी.एस. अधिकारी होते; भारतीय स्त्रियांवरील त्यांचे सचित्र पुस्तक पुढे प्रसिद्ध झाले आणि त्यातील चित्रे सर ज. जी. कलाशाळेतीलच चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी काढली. भिंतीवरील चित्र काढणाऱ्या मुलाचा त्यांनी शोध घेतला आणि त्याला मुंबईच्या कलाशाळेत प्रवेश मिळवून दिला.

ही घटना करमरकरांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. गुण होता, परंतु शहरात राहण्याचा व शिक्षणाचा भार उचलण्यास आधार हवा होता. तो आधार एका अधिकाऱ्याच्या रसिकतेमुळे मिळाला. ज्या काळात कलाशिक्षणानंतरच्या उपजीविकेची शाश्वती नव्हती, त्या काळात सामान्य घरातील मुलाने केवळ स्वतःच्या बळावर असा निर्णय घेणे अवघड होते.

सर ज. जी. कलाशाळेतील शिक्षण

जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून सुरू झालेली ही कलाशाळा १८५७ पासून कार्यरत होती. करमरकरांच्या विद्यार्थिदशेत सेसिल बर्न्स हे तिचे प्राचार्य होते. शिक्षणाची पद्धत ब्रिटिश अकादमिक वळणाची होती. अभिजात युरोपीय शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन, नंतर प्रत्यक्ष व्यक्तीसमोर बसवून अभ्यास आणि मॉडेलिंगच्या वर्गात मातीकाम असा तिचा क्रम असे. या पद्धतीवर ती परकी असल्याची टीका होत होती. भारतीय परंपरेकडे वळण्याचा आग्रह धरणारा विचार विशेषतः बंगालमध्ये बळावला होता. तरीही निरीक्षणाची शिस्त, प्रमाणांचे ज्ञान आणि साच्यांचे तंत्र या बाबतीत मुंबईच्या शाळेचे शिक्षण भक्कम होते.

याच शाळेत शिकत असताना गणपतराव म्हात्रे यांनी मंदिरपथगामिनी हे शिल्प घडवून नाव मिळविले होते. मराठी तरुणाला शिल्पकलेत प्रतिष्ठा मिळू शकते, याचा दाखला त्यामुळे करमरकरांच्या पिढीसमोर होता. करमरकरांनी या शिक्षणात उत्तम प्रावीण्य दाखवून शाळेतील मानाचे लॉर्ड मेयो पदक मिळविले.

कलकत्ता आणि लंडन

कलाशाळेतील शिक्षणाबरोबरच मुंबईतील ओळखीही करमरकरांना उपयोगी पडल्या. रवींद्रनाथ टागोरांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्याशी त्यांचा परिचय झाला. सुरेंद्रनाथांचे वडील सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आय.सी.एस. अधिकारी असून त्यांनी मुंबई इलाख्यात दीर्घकाळ नोकरी केली होती. त्यामुळे त्या घराण्याचा महाराष्ट्राशी जुना संबंध होता. सुरेंद्रनाथांच्या प्रोत्साहनाने करमरकर कलकत्त्यास गेले आणि तेथे त्यांनी आपला स्टुडिओ थाटला. कलकत्त्यात त्यांना व्यक्तिशिल्पांची कामे मिळू लागली. व्यक्तिशिल्पात साम्य हा पहिला निकष असल्याने कलाशाळेतील अभ्यास येथे थेट उपयोगी पडला.

१९२० मध्ये करमरकर इंग्लंडला गेले. लंडनच्या रॉयल अकादमीत त्यांनी पुढील शिक्षण घेतले आणि युरोपीय शिल्पकलेचा प्रत्यक्ष परिचय करून घेतला. मुंबईत ज्या परंपरेच्या केवळ प्लास्टरच्या प्रतिकृती पाहिल्या होत्या, तिची मूळ रूपे आता त्यांच्यासमोर होती. भारतात परतल्यावर काही काळ कलकत्त्यात काम करून ते मुंबईस आले.

पुण्यातील अश्वारूढ पुतळा

पुण्यात शिवाजी महाराजांचे भव्य स्मारक उभारण्याचा संकल्प कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचा होता. नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली. शाहू महाराजांचे मे १९२२ मध्ये निधन झाल्यानंतर राजाराम महाराजांनी हे कार्य पुढे नेले. पुतळ्याचे काम करमरकरांकडे आले आणि जून १९२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले.

हा ब्राँझचा पुतळा मुंबईत एकसंध ओतण्यात आला. एवढे मोठे शिल्प सहसा भागाभागांत ओतून नंतर जोडले जाते. एकसंध ओतकामात वितळलेला धातू साच्याच्या सर्व पोकळ्यांत योग्य वेळी पोहोचावा लागतो. कोठे हवा कोंडली किंवा धातू लवकर थिजला तर महिनोन्‌महिन्यांची मेहनत वाया जाऊ शकते. हे धाडस यशस्वी झाल्यामुळे करमरकरांची कीर्ती देशभर पसरली. बालपणी मंदिराच्या भिंतीवर ज्या राजाचे चित्र काढले, त्याच राजाचे शिल्प त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे काम ठरले. यात विषयाची ओढ गावातून आलेली होती, तर घोड्याची शरीररचना, तोल आणि साचेकाम यांसाठी लागणारी तयारी शिक्षणातून झालेली होती.

सासवण्यातील शिल्पे

स्मारकशिल्पे आणि व्यक्तिशिल्पे यांवर करमरकरांची उपजीविका चालली. शंखध्वनी हे त्यांचे शिल्प विशेष नावाजले गेले. तथापि त्यांच्या कलेची दुसरी बाजू सासवण्यात दिसते. गावातील माणसे आणि जनावरे हे त्यांचे आवडते विषय होते. कोळीण तरुणी, कष्टकरी स्त्री-पुरुष, घरच्या अंगणातील म्हैस यांना त्यांनी शिल्परूप दिले. या कामांना मागणी नव्हती आणि मुदतही नव्हती, त्यामुळे त्यांत एक मोकळेपणा आढळतो.

या शिल्पांसाठी त्यांनी सिमेंटचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. ब्राँझ महाग असते आणि ओतशाळेवाचून त्याचे काम होत नाही. सिमेंट स्वस्त असून ते साच्यात घरच्या आवारात भरता येते. कोकणातील पाऊस आणि खारी हवाही ते बऱ्यापैकी सोसते. खेड्यात राहून शिल्पकाम चालू ठेवण्याचा प्रश्न करमरकरांनी अशा रीतीने माध्यमाच्या निवडीतून सोडविला. कलाशाळेत शिकलेले साच्यांचे तंत्र त्यांनी गावात परवडणाऱ्या साहित्याला लावले.

सन्मान आणि अखेर

भारत सरकारने करमरकरांना १९६२ मध्ये पद्मश्री देऊन गौरविले. १९६४ मध्ये ललित कला अकादमीने त्यांना आपले सन्मान्य सदस्यत्व दिले. १३ जून १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. सासवणे येथील त्यांच्या घराचे शिल्पसंग्रहालयात रूपांतर करण्यात आले असून घरात व आवारात मांडलेली त्यांची शिल्पे तेथे पाहता येतात.

मूल्यमापन

कलाशाळेवाचूनही मोठे कलावंत घडतात, याचे उदाहरण करमरकरांच्याच पिढीत आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी कोणत्याही कलाशाळेत शिक्षण न घेता चित्र, शिल्प आणि चित्रपट या क्षेत्रांत मोलाचे काम केले. मात्र त्यांच्या घरीच वडिलांची कार्यशाळा होती, चुलतभाऊ आनंदराव यांची साथ होती आणि शहरात नाटकमंडळ्या व दरबार यांचा आश्रय होता. म्हणजे शाळेने जे द्यावयाचे, त्यातील बरेचसे त्यांना घरी व गावी मिळाले.

करमरकरांना सासवण्यात असे काही उपलब्ध नव्हते. मुंबईच्या कलाशाळेने त्यांना कौशल्य, साधने, पदकातून मिळणारी मान्यता आणि पुढील आश्रयदात्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग दिला. निरीक्षणाची दृष्टी, विषयांची आस्था आणि मातीशी असलेली सलगी ही मात्र त्यांनी गावाहून सोबत नेलेली होती. शहराने दिलेले तंत्र घेऊन ते गावातील विषयांकडे परतले, यात त्यांच्या कलेचे वेगळेपण आहे. शहरातील कलाशिक्षणाचे मोल विद्यार्थ्याला आपल्या गावी काय मिळत नाही यावर अवलंबून असते, हे त्यांच्या आणि बाबूराव पेंटर यांच्या चरित्रांच्या तुलनेतून स्पष्ट होते.