व्हाइस ॲडमिरल सोमण : आज्ञा पाळणारा सेनानी

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात 'नायजेरिया' या नावाने लढलेली क्रूझर १९५७ मध्ये भारताच्या सेवेत आली आणि तिला 'म्हैसूर' हे नाव मिळाले. गोवा मुक्तीच्या कारवाईत, डिसेंबर १९६१ मध्ये, या नौकेवर भारतीय ताफ्याचे प्रमुख रिअर ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण यांचा ध्वज फडकत होता.

१९१३ मध्ये जन्मलेले सोमण ब्रिटिश अमदानीत, भारतीयांना अधिकारपदे क्वचितच मिळत अशा काळात नौदलात दाखल झाले. महायुद्ध पेटले तेव्हा ते तरुण अधिकारी होते.

गोव्याच्या कारवाईत कारवारजवळच्या अंजदीव बेटावर 'त्रिशूल'मधील नौसैनिक 'म्हैसूर'च्या तोफांच्या संरक्षणात उतरले. बेट ताब्यात आले. मात्र ७ नौसैनिकांना वीरमरण आले. जून १९६२ मध्ये सोमण नौदलप्रमुख झाले. रामदास कटारी यांच्यानंतर या पदावर येणारे ते दुसरे भारतीय.

खरी कसोटी १९६५ मध्ये लागली. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या ७ युद्धनौकांनी द्वारकेवर तोफगोळे डागले. हानी किरकोळ होती, पण नौदलाच्या जिव्हारी घाव बसला. पोरबंदरच्या अक्षांशापलीकडे उत्तरेस जाऊ नये, असे बंधन शासनाने नौदलावर घातले होते. युद्धाची व्याप्ती वाढू नये, हा त्यामागील हेतू होता. इंडोनेशियाच्या पवित्र्यामुळे अंदमान-निकोबारचीही चिंता होती. सोमण यांनी या बंधनास हरकत घेतली आणि आपले म्हणणे थेट पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापर्यंत नेले. निर्णय बदलला नाही. सोमण यांनी तो पाळला.

त्याच वर्षी सोव्हिएत संघाशी पाणबुड्यांचा करार झाला. पहिली पाणबुडी 'कलवरी' १९६७ मध्ये नौदलात आली. तत्पूर्वी, मार्च १९६६ मध्ये सोमण निवृत्त झाले होते. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढविला. तोच दिवस आज नौदल दिन म्हणून साजरा होतो. त्या युद्धात 'म्हैसूर' पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती.

१९९५ मध्ये सोमण यांचे निधन झाले. कराचीच्या विजयाचे श्रेय त्यांच्या वाट्याला आले नाही. मात्र मतभेद निर्भीडपणे मांडूनही लोकनियुक्त शासनाचा अंतिम शब्द मानण्याची शिस्त त्यांनी ऐन युद्धात जपली. तरुण प्रजासत्ताकाच्या दृष्टीने तिचे मोल एखाद्या सागरी विजयाहून कमी नव्हते.