बाळंतिणीचा निर्णय आणि र. धों. कर्वे

धोंडो केशव कर्वे यांना समाजाने आधी वाळीत टाकले आणि पुढे महर्षी म्हटले. त्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ यांच्या वाट्याला मात्र यातील पूर्वार्धच आला.

१८८२ मध्ये जन्मलेल्या या गणिताच्या प्राध्यापकाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले. जे विलायतेतही नवे होते, ते येथे किती विपरीत वाटले असेल! बाळंतीण खाटेवरून उठते न उठते तोच तिला पुन्हा दिवस जावेत, हे तेव्हा दैवाचे देणे मानले जाई. मूल अंगावर पिते आहे तोवर चिंता नाही, ही समजूत आजही घरोघर आढळते. ती सर्वस्वी खोटी नव्हे. पण मूल सहा महिन्यांच्या आतील असावे, त्याला आईच्या दुधाखेरीज काही दिले जात नसावे आणि पाळी परत आलेली नसावी. यांतील एक अट सुटली की तिच्यावर विसंबता येत नाही. पाळी येण्यापूर्वीही गर्भ राहू शकतो, हे कित्येकींना अनुभवानेच कळते.

हे ज्ञान स्त्रीला आधी मिळावे, एवढाच कर्वे यांचा हट्ट होता. देशाच्या शिरगणतीपेक्षा तिचे आरोग्य आणि तिची इच्छा त्यांना मोठी वाटे. दुसरे मूल केव्हा, किंवा मुळीच नको, हे तिने ठरवावे, असे ते मानीत. पत्नी मालतीबाई आणि त्यांनी स्वतः अपत्य होऊ दिले नाही. केंद्राच्या कामात आणि संसाराच्या ओढाताणीत बाईंची साथ अखेरपर्यंत राहिली. या कार्यापायी १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील नोकरी गेली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. वाचकांच्या खासगी शंकांना त्यात दिलेली सरळ उत्तरे अश्लील ठरविण्यात आली. १९३४ च्या त्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरीही दंड झालाच. सुशिक्षितांचे मौन त्या दंडाहून जड होते.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. त्याचा भर लोकसंख्येवर होता. १९७६ मध्ये तर सक्तीच्या नसबंदीपर्यंत मजल गेली. ते पाहण्यास कर्वे नव्हते. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते निवर्तले आणि त्यांचे मासिकही त्यांच्या मागोमाग बंद पडले.