श्रवणाचा नकाशा रेखाटणारे गेओर्ग फॉन बेकेशी

बधिर व्यक्तींच्या अंतर्कर्णात शस्त्रक्रियेने बसवले जाणारे ‘कॉक्लिअर इम्प्लांट’ ज्या ज्ञानावर आधारलेले आहे, त्याचा पाया एका टेलिफोन प्रयोगशाळेत घातला गेला. गेओर्ग फॉन बेकेशी हे त्यामागील शास्त्रज्ञ होत.

बेकेशी यांचा जन्म ३ जून १८९९ रोजी बुडापेस्ट येथे झाला. वडील राजनैतिक सेवेत असल्याने त्यांचे शालेय शिक्षण निरनिराळ्या देशांत झाले. बर्न येथे रसायनशास्त्राचे अध्ययन केल्यानंतर १९२३ साली त्यांनी बुडापेस्ट विद्यापीठातून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि हंगेरीच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत ते रुजू झाले.

टेलिफोन यंत्रणेचा कोणता भाग आधी सुधारावा, हा प्रयोगशाळेपुढील प्रश्न होता. त्याच्या उत्तरासाठी मानवी कान कितपत सूक्ष्म ऐकतो हे जाणणे आवश्यक होते. बेकेशी यांनी मृतदेहांतील अंतर्कर्ण मिळवले. गोगलगायीच्या शंखाप्रमाणे वेटोळे असलेल्या कॉक्लियाला बारीक छिद्र पाडून त्यांनी आतील पटलावर चांदीचे सूक्ष्म कण पसरले आणि लुकलुकत्या प्रकाशात, सूक्ष्मदर्शकाखाली त्याची कंपने पाहिली. ध्वनीचा तरंग सुमारे ३५ मिलिमीटर लांबीच्या या पटलावरून पुढे सरकतो; उच्च स्वरांसाठी तो प्रवेशद्वाराजवळ, तर खालच्या स्वरांसाठी आतील टोकाकडे सर्वाधिक उंचावतो, असे त्यांना आढळले. प्रत्येक स्वराची जागा अशा रीतीने प्रत्यक्ष दिसली.

याच नकाशावर आजचे उपकरण चालते. कानामागील यंत्र मायक्रोफोनद्वारे आलेल्या ध्वनीचे उच्च-नीच स्वरांत पृथक्करण करते. त्वचेखालील ग्राहक ते संकेत कॉक्लियात सरकवलेल्या इलेक्ट्रोडच्या मालिकेकडे पाठवतो. उच्च स्वर बाहेरच्या, तर खालचे स्वर आतल्या इलेक्ट्रोडद्वारे श्रवणतंतूंना थेट उत्तेजित करतात. १९७८ साली मेलबर्न येथे ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडचे असे उपकरण रुग्णास बसवले.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेकेशी १९४६ साली स्वीडनला व पुढील वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. रुग्णाने स्वतःच कळ दाबून आपली श्रवणमर्यादा नोंदवावी, असा श्रवणमापकही त्यांनी तयार केला. १९६१ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्राप्त झाले.

जिवंत कानात हा तरंग मृत कानातील तरंगापेक्षा कितीतरी अधिक रेखीव असतो, हे नंतरच्या संशोधनाने दाखवून दिले. तथापि स्वरांच्या स्थानांचा क्रम तोच राहिला.

१३ जून १९७२ रोजी होनोलुलू येथे बेकेशी यांचे निधन झाले. मेलबर्नची ती शस्त्रक्रिया त्यानंतर सहा वर्षांनी झाली.