पदवी बाजूला ठेवणारी पंडिता

आजचं वचन: मार्क १०:३५-४५



येशू यरुशलेमेच्या वाटेवर स्वतःच्या मरणाबद्दल सांगतोय, आणि याकोब-योहान काय मागतात? गौरवात उजवी-डावीकडची जागा! वाचताना हसू येतं. पण अप्रेझलच्या महिन्यात माझी प्रार्थनाही काही फार वेगळी नसते.

आज पंडिता रमाबाईंची आठवण येते, कारण त्यांना मानाची जागा आधीच मिळाली होती.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाबाईंना. पुढे दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ उपाशीपोटी देशभर पायी फिरले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांचं ज्ञान पाहून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वय अवघं वीस! नंतर भाऊ गेला. लग्न झालं, आणि दोन वर्षांतच नवराही गेला. पदरात लहानगी मनोरमा.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकेत भाषणं केली, पुस्तक लिहिलं, नाव झालं. परत येऊन १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि वर्षभराने ते पुण्याला नेलं. १८९३ मध्ये धर्मांतरावरून वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. काल कौतुक करणारं पुणं आज बोट दाखवत होतं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. भूक काय असते हे रमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे विहिरी, शेती, विणकाम, छापखाना सगळं होतं. काही वर्षांत संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. आजारी, अंध, समाजाने टाकलेल्या, सगळ्यांना तिथे जागा होती.

पण माझ्या मनाला सगळ्यात जास्त भिडतं ते त्यांचं शेवटचं काम. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा भाषेत. ज्या संस्कृतने त्यांना पदवी दिली, तेच जड शब्द त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवले. मुक्तीच्या बायकांनीच खिळे जुळवून ते छापलं.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं १९२४ मध्ये. ते हातात घेऊन मिरवायला त्या नव्हत्याच.

मित्रांनो, नोकरीत पुढे जाणं पाप नाही. रमाबाईंनी विद्याही टाकून दिली नाही, फक्त ती कुणासाठी वापरायची हे बदललं. आपल्याला ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त अभिमान आहे, ती या आठवड्यात कुणाच्या पायाशी ठेवता येईल? मी माझं उत्तर अजून शोधतोय. तुम्हीही शोधा.

प्रार्थना: प्रभू येशू, तू सेवा करून घ्यायला नाही तर करायला आलास. माझी खुर्चीची हाव काढून टाक. जिथे कुणी बघत नाही तिथेही मला विश्वासू ठेव. आमेन.